विमा, बीमा आणि चाकाची खुर्ची

उर्दूत 'बीमा', मराठीत 'विमा'. मूळ फारसी शब्द 'बीम', म्हणजे भीती. एकट्याची भीती सगळ्यांनी वाटून घ्यायची, हा विम्याचा साधा अर्थ.

बिली वाइल्डर यांचा 'द फॉर्च्युन कुकी' (१९६६) हा जुना विनोदी चित्रपट विम्यातल्या लबाडीवरच आहे. सामना टिपणाऱ्या कॅमेरामनला एक खेळाडू धडकतो. लागलेले फारसे नसते. पण त्याचे वकील दाजी त्याला चाकाच्या खुर्चीत बसवतात आणि दहा लाख डॉलरचा दावा ठोकतात. विमा कंपनीचे हेर समोरच्या इमारतीतून पाळत ठेवतात. आपण हसत राहतो. मात्र धडकलेला कृष्णवर्णीय खेळाडू, बूम बूम जॅक्सन, या खोट्या रुग्णाची सेवा करता करता अपराधीपणाने खचतो, दारूला लागतो. लबाडी दुसऱ्यांची, झळ प्रामाणिक माणसाला.

आमच्या मराठवाड्यात वेगळे काय झाले? २०२३च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीक विमा आला. अर्जामागे सेवा केंद्राला ४० रुपये मिळत. मग सरकारी जमिनीवर, देवस्थानच्या जमिनीवर, दुसऱ्याच्याच सातबाऱ्यावर विमे निघाले. हे बोगस अर्ज दाखवून २०२५च्या खरिपापासून सरकारने योजनाच बदलली. शेतकऱ्याचा हप्ता परत सुरू झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर आली. एकट्याच्या शेतात पाणी शिरले तर मिळणारे संरक्षण गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात रावणगाव, हसनाळ ही गावे पाण्यात गेली.

विमा जायज की नाजायज, यावर आमच्या वस्तीत अजून वाद रंगतात. खोट्या दाव्याबद्दल मात्र कोणत्याच मौलवीसाहेबांचे दुमत नाही. माझे म्हणणे एवढेच, की त्याची शिक्षा खोटे बोलणाऱ्याला व्हावी. अर्ज कुठून भरला, पैसे कोणत्या खात्यावर गेले, हे सगळे संगणकात आहे. त्यांच्यावर गुन्हे दाखल करा, पैसे वसूल करा.

चित्रपटात जॅक्सनचा अपमान ऐकून तो कॅमेरामन स्वतःच खुर्चीतून उठतो. आपल्याकडे बोगसवाले उठले नाहीत. सरकारने खुर्ची काढून घेतली ती खऱ्या जखमीची. ज्याचे सोयाबीन चिखलात सडले, त्याची 'बीम' पुन्हा त्याच्या एकट्याच्या वाट्याला आली.