शब्दांची वही : वाण्यांचे झाड

जालन्याच्या मोंढ्यात कोणी ‘बनिया’ म्हणून हिणवले की आपली तरुण मुले ओशाळतात. त्यांच्यासाठी आज ‘बनियन ट्री’, म्हणजे आपला वड, हा शब्द घेतला आहे.

मूळ संस्कृत ‘वणिज्’. त्यावरून गुजराती ‘वाणियो’. पोर्तुगीजांनी त्याचे ‘बनियन’ केले आणि इंग्रजांनी ते उचलले. तेव्हा त्याचा अर्थ हिंदुस्थानी व्यापारी एवढाच होता. झाडाशी काही संबंध नव्हता. पुढे इराणच्या आखातावरील बंदर अब्बासजवळ एका विस्तीर्ण वडाखाली आपल्याकडील वाण्यांनी लहानसे देवालय उभारले. १७व्या शतकात तेथून जाणाऱ्या युरोपीय प्रवाशांनी त्या वृक्षाला ‘वाण्यांचे झाड’ म्हटले, आणि हळूहळू साऱ्याच वडांना ते नाव चिकटले.

याहून मौज वाटते ती ‘बनियन डे’ची. ब्रिटिश आरमारात सोमवारी, बुधवारी व शुक्रवारी शिध्यात मांस नसे. वाणी मांस खात नाहीत, म्हणून खलाशी त्या दिवसांना हे नाव देत. अर्थात कौतुकाने नव्हे, कुरकुरत! तरीही परक्या खलाशालाही आपला आहार ठाऊक असावा, ही पत मला बँकेतील कोणत्याही तारणापेक्षा मोठी वाटते.

मुंबईत १८५०च्या दशकात दलाल टाउन हॉलसमोर वडाखालीच जमत. १८७५मध्ये त्यांची रीतसर संस्था झाली. तोच आजचा मुंबई शेअर बाजार.