यंत्र आलें, गुरुजी कोठें आहेत?

मुलाच्या हातीं पाटी द्यावी कीं पुस्तक, असा वाद आमच्याकडे फारसा कोणी घातला नाहीं. कारण दोहोंच्या मागें शिकविणारा उभा आहे, हें सर्वांनीं गृहीत धरलेलें होतें. प्रत्येक विद्यार्थ्यास स्वतःचा संगणक दिला कीं शिक्षणाचा उद्धार झाला, असें प्रतिपादणाऱ्या पक्षानें मात्र हें गृहीतच सोडून दिलें आहे. मूल आणि यंत्र यांची गांठ घालून द्यावी, बाकीचें आपोआप होईल, हा त्यांचा सिद्धान्त. या सिद्धान्ताची परीक्षा होऊन गेली असतां तोच पाठ पुनः पुनः म्हणण्यांत येतो, म्हणून चार स्पष्ट शब्द लिहिणें आम्हांस प्राप्त झालें आहे.

अमेरिकेंतील निकोलस निग्रोपाँटे यांनीं २००५ सालीं दावोस येथें शंभर डॉलरांच्या लॅपटॉपची घोषणा केली. २००७ सालीं तें यंत्र कारखान्यांतून बाहेर पडलें, तेव्हां त्याची किंमत दोनशें डॉलरांच्या घरांत गेली होती. पण किंमतीचा दोष आम्ही मोठा मानीत नाहीं. खरा प्रश्न फळाचा आहे. पेरू देशानें आठ लाखांहून अधिक यंत्रें वाटलीं. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या संशोधकांनीं तेथील ३१९ ग्रामीण शाळा तपासून २०१२ सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध केला तो असा कीं, यंत्रें मिळालेल्या शाळांतील मुलें गणितांत किंवा भाषेंत इतरांच्या पुढें गेल्याचा पुरावा मिळत नाहीं. सर्वसाधारण बुद्धीच्या कसोट्यांत कांहीं लाभ दिसला, हेंहि न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. परंतु ज्यासाठीं मूल शाळेंत जातें, तें वाचन आणि तें गणित जेथल्या तेथेंच राहिलें!

यावर उरुग्वेचें उदाहरण पुढें करण्यांत येईल. त्या देशानें २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलास यंत्र दिलें, शाळांतून इंटरनेट नेलें, दुरुस्तीची सोय केली. पण त्या साऱ्या देशाची वस्ती आमच्या एकट्या पुणें जिल्ह्याच्या निम्मीहि नाहीं. आणि इतकें करूनहि पहिल्या कांहीं वर्षांच्या अभ्यासांत वाचन-गणिताची प्रगति आढळली नाहीं.

आमच्या केंद्र सरकारच्या शिक्षणखात्यानें २००६ सालीं ही योजना नाकारली, तें शहाणपणाचेंच झालें. तरीहि रायगड जिल्ह्यांतील कर्जत तालुक्यांत, खैरात येथील एकशिक्षकी शाळेंत, २००७ सालीं हीं यंत्रें प्रयोगादाखल आलीं. मुलें त्यांत रमलीं, असें वर्णन झालें; त्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे. मुलें नव्या वस्तूंत रमतातच. आम्ही एवढेंच विचारतों कीं, अनेक इयत्ता एकाच गुरुजींनीं संभाळाव्या अशा शाळेंत पहिली उणीव कशाची? दुसऱ्या गुरुजींची कीं यंत्राची? यंत्र एकदां विकत घेतां येतें, त्याचें छायाचित्र निघतें, समारंभ होतो; शिक्षकाचा पगार मात्र दरमहा द्यावा लागतो. यंत्राकडे ओढा कां, याचें मर्म आमच्या मतें येथें आहे.

प्रतिपक्षाचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. २०२० सालीं शाळांना कुलपें लागलीं, तेव्हां ज्यांच्या घरीं यंत्र नव्हतें तीं गरिबांचीं मुलें शिक्षणास सर्वस्वी मुकलीं. हें अक्षरशः खरें आहे, आणि लाजिरवाणेंहि आहे. पण ज्यांच्या घरीं यंत्र होतें, त्यांच्या आईबापांस विचारा! शाळा उघडावी म्हणून तेच अधिक अधीर झाले होते. यंत्रानें अभ्यास घरीं पोंचविला; वर्ग पोंचविला नाहीं.

यंत्राचा आम्हांस विटाळ नाहीं. शाळेंत दहा-बारा संगणकांची एक चांगली खोली असावी, वीज अखंड असावी, आणि तीं यंत्रें वापरून शिकवूं शकेल असा शिक्षक तयार करावा, ही मागणी आमचीहि आहे. परंतु क्रम हा असा असावा : आधीं शिक्षक, मग पुस्तकें, मग यंत्र. हा क्रम उलटा करणारा मनुष्य गरीब मुलाचा कैवारी म्हणून मिरवीत असला, तरी त्या मुलाच्या वाट्याचा गुरुजी तो काढून घेत आहे, हें वाचकांनीं विसरूं नये.