पलाशिकेचा एक दिवस

बेळगावकडे पाहुणे आले, की त्यांना काय दाखवावयाचे याची आम्हां मंडळींची एक यादी ठरून गेलेली आहे. पावसाळ्यात गोकाकचा धबधबा, हिवाळ्यात आंबोली किंवा गोवा, आणि पायांत बळ असेल तर येळ्ळूरचा राजहंसगड. शेवटी बाजारातून कुंदा घ्यावयाचा आणि पाहुण्यांना गाडीत बसवून द्यावयाचे. या यादीत हलशीचे नाव मी क्वचितच ऐकले आहे. आमच्या कंग्राळीतील कितीतरी सुशिक्षित घरे अजिंठा-वेरूळ पाहून आली, हंपीही पाहून आली. पण बेळगावपासून चाळीसेक किलोमीटरवर, खानापूर तालुक्यात, दीड हजार वर्षांपूर्वीची एक राजधानी आहे, तिकडे त्यांचे पाऊल वळलेले नाही. शाळेतील मुले अजिंठ्याच्या लेण्यांवरील प्रश्नांची उत्तरे घडाघडा देतात. पलाशिका म्हणजे काय, असे विचारले तर एखाद्या फुलाचे नाव असावे, असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसते.

शाळेची सहल तिकडे न्यावी हा एक उपाय. परंतु सरकारी शाळेची सहल म्हणजे काय असते, हे शिक्षक वाचकांना सांगावयास नको. परवानगीचे पत्र, पालकांची संमती, साठ मुलांची तीन वेळा हजेरी, डब्यांची पिशवी कोणाकडे, आणि एका दिवसात पाच ठिकाणे ‘करावयाची’. त्या सहलीत पाहणे थोडे आणि मोजणे फार. म्हणून शिक्षकाने आधी स्वतः, स्वतःच्या खर्चाने, कोणालाही अहवाल द्यावयाचा नाही अशा बेताने एकदा जाऊन यावे, असे माझे मत आहे. गेल्या मार्गशीर्षात बडोद्याहून माझे मेहुणे सहकुटुंब आले, तेव्हा ही संधी साधली. आम्ही दोघे, ते दोघे आणि त्यांची नववीत शिकणारी कन्या, अशी पाच माणसे. भाड्याची एक मोटार ठरविली आणि दशम्या-चटणी बांधून पहाटे निघालो.

हलशीला जावयाचे खरे, पण मोटार बेळगावातूनच जाणार, तेव्हा प्रथम किल्ल्यात उतरून कमल बसदी पाहिली. सौंदत्तीच्या रट्ट घराण्यातील चौथा कार्तवीर्य याच्या बिचण नावाच्या मंत्र्याने ही जैन बसदी १२०४ साली बांधविली. आत काळ्या पाषाणातील नेमिनाथ. मंडपात उभे राहून मान वर केली, की छतातून खाली उमलत आलेले दगडी कमळ दिसते. त्याच्या बहात्तर पाकळ्यांवर भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांचे चोवीस-चोवीस तीर्थंकर कोरले आहेत. आपल्याकडे देवळात गेले की दृष्टी गाभाऱ्यात जाते. येथे ती वर जावी अशीच बांधणाऱ्याची योजना दिसते.

या बसदीला ज्यांनी दान दिले, त्यांची हकीकत सांगणारे किल्ल्यातील दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बेळगावचे तेव्हाचे नाव वेणुग्राम. त्या लेखांत वेणुग्रामातील व्यापाऱ्यांबरोबर लाट देशाचे आणि मलेयाळ देशाचे व्यापारीही आले आहेत. लाट म्हणजे दक्षिण गुजरात. हे सांगताच मेहुणे हसून म्हणाले, “म्हणजे भावोजी, आम्ही येथे प्रथमच येत नाही तर!” बडोदेकरांना बेळगाव हे मुलखाबाहेरचे वाटू नये, याला आठशे वर्षांचा आधार सापडला. तो आधार पाहण्यासाठी मात्र आता समुद्रापार जावे लागते, याचे वाईट वाटते.

खानापूर गाठेपर्यंत ऊन चढले होते. मलप्रभेच्या काठचे हे गाव मातीच्या भांड्यांसाठी आणि कौलांसाठी प्रसिद्ध. आमच्याकडच्या कितीतरी जुन्या घरांवर तिकडचीच कौले आहेत. पुढे नंदगड. संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी जानेवारी १८३१ मध्ये येथे फाशी दिले. त्याची समाधी रस्त्याला धरून आहे, तेथे दोन मिनिटे थांबून आम्ही हलशीचा रस्ता धरला.

हलशीत शिरताना ‘राजधानी’ या शब्दाने मनात उभे केलेले काहीच दिसत नाही. कौलारू घरे, गोठे, दारात वाळत घातलेले धान्य, मराठी आणि कन्नड दोन्ही सहज बोलणारी माणसे. देवळे मात्र पावलोपावली: भूवराह नरसिंह, गोकर्णेश्वर, कपिलेश्वर, सुवर्णेश्वर, हाटकेश्वर, आणि एक पडकी जैन बसदी. यांतील काहींत नित्य दिवा लागतो, काहींत गवत वाढले आहे. गावाजवळ चक्रतीर्थ नावाची एक लहानशी विहीर आहे. तिच्यालगतच्या मातीच्या उंचवट्यात गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात ताम्रपट सापडले, आणि फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्याने ते वाचून प्रसिद्ध केले. बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी ती हीच पलाशिका, हे त्यामुळे निश्चित झाले.

हे ताम्रपट मी पूर्वी अनुवादातून वाचले होते. राजांच्या लेखांत आपल्याला लढायांची अपेक्षा असते. त्या आहेतच, रविवर्म्याने विष्णुवर्म्याला मारून आणि कांचीच्या चंडदंडाला उखडून पलाशिकेत ठाण मांडले, असे एक पट सांगतो. पण मला त्यांतील इतर गोष्टी अधिक मोलाच्या वाटतात. काकुस्थवर्मा युवराज असताना श्रुतकीर्ती नावाच्या सेनापतीने त्याचे प्राण वाचविले, म्हणून त्याला एक शेत दिले. एवढीच ती गोष्ट, परंतु ती तांब्यावर लिहून ठेवावी असे त्याला वाटले. मृगेशवर्म्याने वडिलांच्या, म्हणजे शांतिवर्म्याच्या, स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय बांधून यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक या जैन संघांना जमीन दिली. आणि रविवर्म्याच्या आज्ञेने दर वर्षी कार्तिकी पौर्णिमेपासून आठ दिवस जिनेंद्राचा उत्सव करावा, पावसाळ्याच्या चार महिन्यांत तपस्व्यांना अन्न मिळावे, असे ठरले. हे राजे स्वतः ब्राह्मण कुळातले म्हणविणारे. चातुर्मासात कोणाच्या पानात काय पडेल याची काळजी राज्याने वाहिली, हे वाचून आमच्या सौभाग्यवतींना राजांविषयी प्रथमच काही आदर वाटलेला दिसला.

भूवराह नरसिंहाचे देऊळ यानंतर सुमारे सात शतकांनी झाले. ते गोव्याच्या कदंबांचे. पायऱ्यापायऱ्यांनी वर निमुळते होत जाणारे शिखर लांबूनच ओळखू येते. आत गेल्यावर प्रथम माणूस थोडा गोंधळतो, कारण गाभारे दोन आहेत आणि ते समोरासमोर आहेत. एकात नृसिंह-नारायण, दुसऱ्यात पृथ्वीला उचलून धरणारा माणसाएवढा वराह, आणि मध्ये खांबांचा मंडप. एका देवाला नमस्कार करताना दुसऱ्याकडे पाठ होते. नृसिंहाची प्रतिष्ठा पेर्माडी शिवचित्त याने ११६९ मध्ये केली. वराहाची प्रतिष्ठा त्याचा धाकटा भाऊ विजयादित्य याच्या हातून ११८६-८७ मध्ये झाली. दोघे भाऊ बरोबरीने राज्य करीत. जयकेशी आणि चालुक्य विक्रमादित्याची कन्या मैलळदेवी यांचे हे पुत्र.

येथे मला एक शिक्षकी आनंद मिळाला. आपल्या दख्खनेत शिलालेख बहुधा शकात असतात. या कदंबांनी मात्र कलियुगाची वर्षे दिली आहेत. नृसिंहाच्या प्रतिष्ठेचे वर्ष कलियुगाचे ४२७०. भाचीला म्हटले, यातून ३१०१ वजा कर. तिने बोटाने हवेत हातचे घेत वजाबाकी केली आणि “अकराशे एकोणसत्तर!” असे ओरडली. तेवढ्यात मंडपातील पाकोळ्या उठल्या. पुस्तकातील सनावळी पाठ करणाऱ्या मुलीला वर्ष ‘काढता’ येते, हे त्या दिवशी कळले.

मंडपाच्या ओट्यावर दशम्या सोडल्या असत्या, पण ते पूजेतले देऊळ; म्हणून बाहेर झाडाखाली बसलो. जेवता जेवता मेहुण्यांनी तो प्रश्न विचारला, जो आमच्या भागात कोणत्याही दगडासमोर विचारला जातो. “भावोजी, हे कदंब मराठी की कानडी?”

मी मराठी शाळेचा मुख्याध्यापक आहे. या सीमाभागात मराठीतून शिकण्याचा हक्क टिकविणे म्हणजे काय, हे मला व्याख्यानातून समजून घ्यावे लागलेले नाही. पटावरची घटती संख्या दर जूनमध्ये ते समजावते. तरीही बाराव्या शतकातील देवळाला १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत साक्षीला उभे करणे मला पटत नाही. बनवासीचे कदंब हे कर्नाटकाच्या मातीतून उठलेले आरंभीचे राजघराणे, हे निर्विवाद आहे, आणि तसे म्हणताना मराठी माणसाची जीभ अडखळण्याचे कारण नाही. त्यांच्या गोव्याकडील शाखेच्या सत्तेत कोकण नऊशे आणि पलसिगे बारा हजार असे दोन प्रांत होते, म्हणजे घाटाखालचा आणि घाटावरचा मुलूख एका हातात होता. आजच्या तीन राज्यांच्या सीमा त्यातून कशाही काढल्या तरी दोरा कुठेतरी तुटणारच. त्यांचे कुलदैवत सप्तकोटीश्वर. पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडले. पुढे नार्वे येथे त्याचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये केला तो शिवछत्रपतींनी. महाराजांनी त्या वेळी हा देव कोणत्या भाषेचा, अशी चौकशी केल्याचे ऐकिवात नाही. कदंबांचा सिंह आज गोव्याच्या सरकारी बसवर बसून रोज बेळगावच्या स्थानकात येतो, आणि आम्ही तिकिटासाठी रांगेत उभे राहून त्याच्याकडे पाहतही नाही.

“म्हणजे उत्तर नाहीच?” मेहुणे म्हणाले. उत्तर आहे, पण ते एका वाक्यात संपते आणि मग पाहण्यासारखे काही उरत नाही, असे मी म्हणालो. त्यांचे समाधान झाले असे वाटले नाही. बडोद्यात राहून मराठीपण जपणाऱ्या माणसाला हा प्रश्न जिव्हाळ्याचा असतो, हे मी जाणतो. म्हणून वाद वाढविला नाही आणि मोटार देगावकडे घेतली.

देगाव, जुन्या लेखकांचे देगांवे, हे कित्तूरजवळचे खेडे. पेर्माडी शिवचित्ताची राणी कमलादेवी हिने येथे कमलनारायणाचे मंदिर बांधविले. तिप्पोज नावाच्या सूत्रधाराने ते घडविले. एका रांगेत तीन गाभारे आणि त्यांपुढे एकच मंडप. दगडावर इतके काम आहे की हात लावल्याशिवाय दगड वाटत नाही. असे काही दिसले की आपल्याकडे ते हेमाडपंताच्या नावावर टाकतात, कन्नड मुलखात जकणाचार्याच्या. खऱ्या कारागिराचे नाव टिकून राहिल्याची उदाहरणे थोडी. देगाव त्यांतले एक आहे.

या मंदिराचा लेख ११७४ चा, कलियुगाचे वर्ष ४२७५. तो दोनदा कोरलेला आहे. मजकूर तोच, लिप्या दोन: एक जुनी कन्नड, दुसरी नागरी. राजाज्ञेचा दगड कोरणे हे तेव्हाही खर्चाचे आणि वेळेचे काम असणार. एकदा कोरून भागले असते. पण दान ज्यांना कळावयाचे, ते दोन्ही अक्षरे वाचणारे होते, एवढा विचार राणीच्या पदरच्या माणसांनी केला. मी मेहुण्यांना काही म्हणालो नाही. ते आपण होऊन त्या लेखापाशी बराच वेळ उभे होते. भाची नागरीतील लागतील तेवढी अक्षरे वहीत उतरवून घेत होती. देवळाजवळ गुरे घेऊन थांबलेला एक मुलगा तिच्याजवळ आला आणि कन्नड लेखात एका अक्षरावर बोट ठेवून “हे ‘क’ आहे का?” असे मोडक्या मराठीत मलाच विचारू लागला. त्या काळची वळणे मला तरी कोठे नीट येतात! दोघांनी मिळून पाच-सहा अक्षरे लावली, काही बहुधा चुकीची.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. दिवाळी ते शिमगा हा काळ बरा; पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला पाऊस धरण फोडल्यासारखा पडतो. हलशी आणि देगाव एका दिवसात होतात, कित्तूरचा किल्ला त्यात घुसडू नये. गाभाऱ्यात पुरेसा उजेड नसतो, विजेरी हवी. खाणावळीच्या भरवशावर जाऊ नये. आणि जावयाचे ते लवकर जावे. बेळगावच्या वडगाव-माधवपूर भागात उत्खननात सातवाहनकालीन नगराचे अवशेष निघाले होते. आज त्या परिसरात उभे राहिले तर हातमागाच्या गल्ल्या आणि नवी घरे दिसतात, पाहुण्याला बोट दाखवून सांगावे असे फारसे काही उरलेले नाही.

शाळेच्या सहलीसाठी परवानगी मागणारे पत्र मी जानेवारीत पाठविले. ठिकाणांच्या रकान्यात या वेळी एकच नाव लिहिले आहे. ‘एवढेच का?’ असा शेरा मारून ते परत आले आहे, त्याला उत्तर लिहावयाचे आहे.