दुधाच्या घरात दुधाविना

आमच्या गोठ्यात तीन म्हशी आहेत. सकाळी डेअरीत दूध घालून झालं तरी घरात दोन-अडीच लिटर उरतं. अशा घरात दुधाचा थेंबही न चालणारा नातू जन्माला आला, ही गोष्ट मैत्रिणींनो, मलाच पचायला बरेच दिवस लागले.

उष्टावणाचा दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. तांदळाची खीर मीच केली होती. मामानं चांदीच्या वाटीतून दोन चमचे भरवले. दहा मिनिटांत बाळाच्या तोंडाभोवती लाल गांधी उठल्या, ओठ सुजला आणि भडाभडा उलटी झाली. ‘पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावा,’ असं म्हणणारी मीच. सूनबाईनं माझं ऐकलं नाही. बाळाला उचललं आणि तडक दवाखाना गाठला. तिनं ऐकलं नाही हे किती बरं झालं, हे मला नंतर कळलं. ओठ-जीभ सुजणं, धाप लागणं, बाळ निपचित पडणं ही घरगुती औषधांची वेळ नसते. तेव्हा वेळ न घालवता दवाखाना गाठायचा, तिथं मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन द्यावं लागतं.

तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, बाळाला दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे. ‘म्हणजे दूध पचत नाही ना?’ मी विचारलं. तर तसं नव्हे. दूध न पचणं म्हणजे दुधातली साखर, लॅक्टोज, आतड्याला न झेपणं. त्यात पोट फुगतं, जुलाब होतात. ॲलर्जीत शरीर दुधातल्या प्रथिनांनाच शत्रू समजून लढायला उठतं. त्यामुळे बाजारात ‘लॅक्टोज-फ्री’ म्हणून जे दूध मिळतं, ते ॲलर्जीच्या मुलाला मुळीच चालत नाही. कारण साखर गेली तरी प्रथिनं तिथंच असतात. काही मुलांना लगेच त्रास होत नाही. शौचात रक्त किंवा शेंबूड पडतो, जुलाब थांबत नाहीत, अंगावर खरूज उठल्यासारखं होतं आणि महिनोन् महिने कारण सापडत नाही.

मग सुरू झाले सल्ले. कुणी म्हणालं गाईचं देऊन बघा, कुणी म्हणालं शेळीचं द्या, हलकं असतं. एक बाई तर शेळीचं दूध घेऊनच दारात आल्या. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण गाय, म्हैस, शेळी या तिघींच्या दुधातली प्रथिनं एकमेकींशी इतकी मिळतीजुळती असतात की एकीचं सोसत नाही त्या मुलाला बहुतेक वेळा दुसरीचंही सोसत नाही. आईचं दूध मात्र चालू ठेवायचं असतं. काही वेळा डॉक्टर आईलाच दूधदुभतं बंद करायला सांगतात, तेव्हा तिला कॅल्शियमच्या गोळ्या लागतात.

सूनबाई बँकेत नोकरी करते. ती कामावर गेल्यावर बाळाला द्यायचं काय? वर्षाच्या आतल्या बाळाला बदामाचं, ओट्सचं किंवा तांदळाचं ‘दूध’ हे मुख्य अन्न म्हणून देऊन चालत नाही. डॉक्टर लिहून देतात ती खास पावडर. तिच्यात दुधाची प्रथिनं बारीक तुकडे करून घातलेली असतात. ॲलर्जी तीव्र असेल तर अमिनो ॲसिडची पावडर लागते. सहा महिन्यांनंतर काहींना सोयाची चालते. पण ही पावडर महाग, आमच्या विट्यात मागवून ठेवावी लागायची, आणि डबा बघता बघता संपायचा. आमचं निभावलं. पण रोजंदारीवर जाणाऱ्या आईनं काय करावं? ही पावडर त्या बाळाचं औषधच आहे, मग ती सरकारी दवाखान्यात औषधासारखी का मिळू नये?

आता बाळाचं वय तीन. मधल्या काळात बाजार बदलला. आमच्याकडच्या मोठ्या दुकानातही सोया आणि बदामाच्या पेयांची खोकी दिसू लागली. या खोक्यांवरच्या कराची गोष्ट आपण समजून घ्यायला हवी. ताज्या दुधावर जीएसटी नाही, आणि ते बरोबरच आहे. पण २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत सोया दुधावर १२ टक्के आणि बदाम-ओट्ससारख्या पेयांवर १८ टक्के कर होता. म्हणजे ज्या मुलाला दूध चालतं त्याच्या पेल्यावर शून्य, आणि ज्याला चालत नाही त्याच्या पेल्यावर अठरा! त्या दिवसापासून दोन्हींवर ५ टक्के झाला. चांगलं झालं. तरीही हे खोकं आमच्यासारख्या गावात रोज परवडणारं नाही.

आणि परवडलं तरी त्यात असतं काय, हेही बघायला नको का? गाईच्या शंभर मिलिलिटर दुधात साधारण तीन ग्रॅम प्रथिनं आणि १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. सोयाचं पेय प्रथिनांत त्याच्या जवळ जातं. बदामाच्या बऱ्याच पेयांत मात्र प्रथिनं ग्रॅमभरच, बाकी पाणी. कॅल्शियम वरून घातलं असेल तरच असतं. नारळाच्या दुधात स्निग्धांश भरपूर, प्रथिनं आणि कॅल्शियम थोडंच. तांदळाच्या पेयात आर्सेनिकचा अंश असतो म्हणून ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नका असं सांगतात. २०२१ मध्ये आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांना ‘मिल्क’ म्हणायला हरकत घेतली आणि वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. डेअरीवाले आणि खोकेवाले यांचं भांडण बाजूला ठेवू. पण आईच्या दृष्टीनं एक गोष्ट खरी, पांढरं दिसलं म्हणजे ते दूध नव्हे.

मग पर्याय कुठे? मला तो पेल्यापेक्षा ताटात सापडला. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं. तिळात तर हजाराच्या वर. राजगिरा, शेवग्याचा पाला, काट्यासकट खाता येणारे छोटे मासे, सगळं आपल्या ओळखीचं. नाचणीतलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही, पण भिजवून मोड आणले की जास्त लागतं. आपल्या आज्या नाचणीचं सत्त्व करायच्या ते उगाच नाही. आमच्याकडे आंबिलीत ताक घालायची पद्धत. बाळाची आंबील आता पाण्यात शिजते, वर गूळ आणि चमचाभर नारळाचं दूध. जोडीला वरण, उसळ, अंडं, तिळाची चटणी. कुठलाही नवा पदार्थ थोडा थोडा, एका वेळी एकच, कारण काही मुलांना तीळ, शेंगदाणे, सोयाही सोसत नाहीत. आणि शाकाहारी घरांनी एक लक्षात ठेवायचं, आपल्याला बी-१२ जीवनसत्त्व मुख्यतः दूधदुभत्यातूनच मिळतं. ते बंद झालं की बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारायलाच हवं.

ताट सुधारलं, पण दार ओलांडलं की पुन्हा भीती. बिस्किट, पाव, चॉकलेट, सूपची पाकिटं, दूध कुठेही लपलेलं असतं. मी आता चष्मा लावून पाकिटं वाचते. ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे’, ‘केसीन’, ‘केसिनेट’ दिसलं की परत ठेवते. ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या चहाच्या पावडरीतसुद्धा केसिनेट असू शकतं. २०२० च्या लेबलच्या नियमांनुसार दुधासारखे ॲलर्जीचे पदार्थ पाकिटावर वेगळे सांगणं सक्तीचं आहे. हॉटेलांच्या मेन्यूवर ॲलर्जीची माहिती द्यायची सक्ती मात्र केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा-दहा शाखा असलेल्या मोठ्या हॉटेलांनाच. आपल्या पेठेतल्या मिठाईवाल्याला आणि चौकातल्या बेकरीला विचारणार कोण? आपणच.

त्याहून अवघड म्हणजे आपली माणसं. एका हळदीकुंकवाला शेजारणीनं पेढ्याचा कण बाळाच्या तोंडात घातला. ‘प्रसाद आहे, थोडंसं दिल्यानं सवय होईल.’ सवय झाली नाही, दवाखान्यात एक रात्र झाली. बहुतेक मुलांची ही ॲलर्जी वय वाढेल तशी कमी होते हे खरं. पण दूध पुन्हा केव्हा आणि कसं सुरू करायचं ते डॉक्टरांनी ठरवायचं, पहिल्यांदा त्यांच्या देखरेखीत. पेढ्यानं नव्हे.

आणि दोष कुणाला दिला जातो? आईला. ‘पोटुशी असताना काय खाल्लंस?’ ‘दुधाशिवाय हाडं कशी धरणार?’ हे बोलणाऱ्यांत सुरुवातीला मीही होते. ज्या देशात १९७० पासून दुधाचा महापूर आणला, १९९८ पासून जो दूध उत्पादनात जगात पहिला आहे, तिथं दूध म्हणजेच माया असं आपल्या मनात बसलंय. त्यात वावगं काही नाही. पण एखाद्या मुलाला ते चालत नसेल, तर त्याची माया दुसऱ्या वाटीत वाढायला आपण शिकायला नको का?

गेल्या कोजागरीला गच्चीवर मसाला दूध आटत होतं. बाळासाठी वेगळ्या पातेल्यात नारळाचं दूध, गूळ, केशर. पाहुण्या बाईंनी आटवलेल्या दुधाचा कप त्याच्यापुढे धरला, तर तो म्हणाला, ‘मला दूध चालत नाही, माझं तिकडं आहे.’ तीन वर्षांच्या मुलाला जे कळलं, ते आपल्याला कळायला एवढा वेळ का लागावा?

तुमच्या अंगणवाडीत, वाढदिवसाला, हळदीकुंकवाला असं एखादं मूल येत असेल. त्याच्या हातात काही द्यायच्या आधी आईला एकदा विचारा. ‘याला काय चालतं?’ एवढंच. तिला केवढा आधार वाटेल!