टॅपेट कव्हरवरच्या सुरकुत्या

फौजेत एक जुना विनोद आहे: हलेल त्याला सॅल्यूट ठोका, न हलेल त्याला रंग फासा. इन्स्पेक्शनच्या आदल्या आठवड्यात ज्यांनी एमटी लाइन पाहिली आहे, त्यांना तो विनोद वाटत नाही. गंजावर, चिखलावर, ग्रीस निपलवरसुद्धा ऑलिव्ह ग्रीन मारलेला आपण सगळ्यांनीच पाहिलाय.

म्हणून मला रिंकल स्प्रे पेंट आवडतो. त्याच्याशी लबाडी चालत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या वायरलेस सेटवर जो खरखरीत काळा थर दिसतो, तोच हा प्रकार. रंग जाड मारायचा. वरचा पापुद्रा आधी सुकतो, खालचा ओलाच असतो आणि दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात. ओतीव धातूवरचे बारीक ओरखडे त्यात झाकले जातात, हे खरं. पण तेलाचा एक थेंब राहिला तरी तिथला रंग सुटतो.

बबिन्यात माझ्या जुन्या जिप्सीचं टॅपेट कव्हर मी घरीच रंगवलं. आधी गळतीचं कारण शोधलं (गॅसकेट दगडासारखं कडक झालं होतं), ते बदलायला आणलं, आणि मगच डबा हातात घेतला. साफसफाईला पूर्ण रविवार गेला, रंगाला जेमतेम अर्धा तास. डिग्रीसर, वायर ब्रश, सँडपेपर, शेवटी थिनरचा फडका. ॲल्युमिनियम असेल तर कॉस्टिक सोड्याच्या वाटेला जाऊ नका, तो धातूच खातो. गॅसकेट बसतं ती कड आणि बोल्टच्या बैठका मास्किंग टेपने झाका. मग तीन हात: आडवा, उभा, तिरका. मधला वेळ डब्यावर लिहिलेला असतो, तो पाळा. अंदाजपंचे मारलात तर कुठे सुरकुत्या, कुठे गुळगुळीत.

बुंदेलखंडातल्या मे महिन्यात सुरकुत्या लवकर पडतात, पण लू सुरू झाली की ओल्या रंगावर धूळ बसते. त्यामुळे सकाळची वेळ बरी.

काही निवृत्त मंडळी म्हणतील, एवढ्यासाठी वर्कशॉपमधला पोरगा आहे की! असेल. पण कव्हर स्वतः घासलं की कुठून तेल येतं, कुठला बोल्ट ढिला आहे, हे मालकाला कळतं. तरुण अधिकाऱ्यांना मी हेच काम आधी देईन, परेडच्या रंगरंगोटीच्या आधी.

हॉट एअर गनने हलकी ऊब दिलीत तर सुरकुत्या एकसारख्या येतात, मात्र रंगाची वाफ उडून गेल्यावर आणि दारं उघडी ठेवून. स्वयंपाकघरातल्या ओव्हनकडे मात्र बघू नका. त्या वाफा अन्नाच्या जागी नकोत, आणि घरच्या हायकमांडपुढे तुमची रँक चालत नाही.