‘सगळं बरं आहे’

रविवार, सकाळचे साडेदहा. पुण्यातल्या माझ्या वन रूम किचनमध्ये वॉशिंग मशीन घरघरतंय, गॅसवर कॉफी आणि कानाला फोन. पलीकडे नागऱ्याला आई.

"कशी आहेस?"
"बरी आहे."
"बाबा?"
"तेही बरे आहेत. तू जेवतेस नं वेळेवर?"
"हो गं, एकदम मस्त!"

चार मिनिटांत फोन बंद. ड्यूटी संपली, वीकेंड सुरू! पाच वर्षं आमचा हा कार्यक्रम न चुकता चालला होता. तुमच्याकडेही थोड्याफार फरकाने हाच चालत असणार. आई-बाबा गावाला, आपण इथे करिअरच्या मागे, आणि मधे हे दोन शब्द... बरं आहे.

नागरा कुठे आहे, हे पुण्यात सांगायचं तर मला दरवेळी हवेत नकाशा काढावा लागतो. महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाला गोंदिया, पलीकडे मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. गोंदियापासून जेमतेम पाच-सहा किलोमीटरवर आमचं गाव. जुनं शिवमंदिर, महाशिवरात्रीची यात्रा आणि पावसाळ्यात पाण्याने काठोकाठ भरलेल्या धानाच्या बांध्या. गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये बाबांनी तीस वर्षं मुनीम म्हणून काढली. कॅलक्युलेटरला हात न लावता शेकडो पोत्यांचा हिशेब करणारा माणूस!

मागच्या वर्षी, रोवणीच्या दिवसांत, एका संध्याकाळी बाबांच्या हातातून चहाचा कप निसटला. उजवा हात उचलेना. बोलताना जीभ अडखळायला लागली. आई घाबरली. पण अर्ध्या तासात हात हलायला लागला, बोलणं सरळ झालं. बाबा म्हणाले, "काही नाही, गॅस झाला असंन." दोघं जेवले आणि झोपले.

त्या रविवारी मी फोन केला, तेव्हा आई म्हणाली, बरे आहेत.

आठ दिवसांनी रात्री दोनच्या सुमाराला बाबा पाणी प्यायला उठले, तर उजवा पाय लटपटला. हात पुन्हा बधिर. शेजारीच आई झोपली होती. बाबांनी तिला उठवलं नाही. दिवसभर थकते बिचारी, कशाला झोपमोड करायची? सकाळपर्यंत बरं वाटेल... आई सहाला उठली, तेव्हा बाबांचा चेहरा एका बाजूला उतरला होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. आईने आधी तेल गरम करून मालिश केलं. मग शेजाऱ्यांना हाक मारली. गोंदियाच्या दवाखान्यात पोचेपर्यंत आठ वाजून गेले होते.

मला फोन आला सव्वानऊला. "काही नाही व बेटा, थोडा हात जड लागून राहिला बाबांचा. तू टेन्शन नको घेऊ." त्या दिवशी पहिल्यांदा मी उलटा प्रश्न विचारला, "आई, खरं सांग." पलीकडे ती रडायला लागली.

कोल्हापूरहून येणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस पुण्याहून गोंदियाला पोचेपर्यंत एक अख्खी रात्र आणि जवळजवळ अख्खा दिवस जातो. मोबाईलवर ‘स्ट्रोक’ सर्च करून डोकं भणाणून घ्यायला तेवढा वेळ पुरेसा असतो. नंतर डॉक्टरांनीही तेच समजावून सांगितलं. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली असेल, तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी सीटी स्कॅन हवाच, कारण आत रक्तस्राव झालेला असेल तर हेच इंजेक्शन घात करतं. साडेचार तासांनंतरही काही पेशंटना दुसरे उपचार देता येतात, पण सगळ्यांना नाही. मोठ्या स्ट्रोकमध्ये उपचार मिळेपर्यंत दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात. म्हणून डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "त्रास किती वाजता सुरू झाला?" आईला उत्तर माहीत नव्हतं. बाबांना माहीत होतं, पण त्यांना बोलता येत नव्हतं.

आणि आठ दिवस आधीचा तो निसटलेला कप? त्याला टीआयए म्हणतात. मिनी स्ट्रोक म्हणा हवं तर. आपोआप बरं वाटतं, हीच त्यातली मेख! पुढच्या काही दिवसांत मोठा झटका येण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. म्हणजे लक्षणं गेली, तरी त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. आणखी एक गोष्ट कळली. बाबांनी बीपीची गोळी तीन महिन्यांपासून बंद केली होती. का? तर बरं वाटत होतं म्हणून!

मला सुरुवातीला सगळा राग अंतराचा आला. एवढ्या लांब का आले मी? पण हिशेब मांडला, तेव्हा कळलं की अंतर फक्त पाच-सहा किलोमीटरचं होतं. गोंदियात दवाखाने आहेत, २०१६पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, १०८ नंबर फिरवला की ॲम्ब्युलन्स येते. रात्रीचे ते तास ट्रॅफिकमध्ये गेले नाहीत, एकमेकांची काळजी घेण्यात गेले. बाबांनी आईची झोप सांभाळली, आईने माझं टेन्शन सांभाळलं. आणि मी? मी तरी कुठे खरं बोलत होते? पेमेंट अडकल्यावर, तापात एकटी पडून असताना माझंही उत्तर ठरलेलं... एकदम मस्त! ही भाषा मी त्यांच्याचकडून शिकले.

पंधरा दिवसांनी बाबा घरी आले. फिजिओथेरपी चालू आहे. काठी घेऊन अंगणापर्यंत जातात. शब्द येतात, पण एकेक करून, पायरी चढल्यासारखे. उजव्या हाताने लिहिता येत नाही. मी नोकरी नसलेली, लॅपटॉपवर पोट भरणारी मुलगी, मग गावालाच का राहत नाही, असं नातेवाईक विचारतात. मीही स्वतःला विचारते. सध्या दीड महिना इथे, पंधरा दिवस तिथे असं जमवलंय. किती दिवस जमेल, माहीत नाही.

पण फोन मात्र बदललाय. आता ‘कसे आहात’ विचारायचं नाही, असा नियमच केलाय. "आज बीपी किती? गोळी कितीला घेतली? रात्री किती वेळा उठलात?" बाबांनी मिलमधली एक जुनी कोरी खतावणी बाहेर काढली आहे. डाव्या हाताने, वेड्यावाकड्या आकड्यांत रोजचं बीपी त्यात चढवतात. फ्रिजवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवलाय: चेहरा वाकडा, हात लुळा, बोलणं अडखळतं, १०८. वेळ लिहून ठेवा. झोपमोड करा!

तुम्हीही पुढचा फोन कराल, तेव्हा एक प्रश्न जास्तीचा विचारा. आणि तुम्हाला विचारलं, तर खरं उत्तर द्या. ते जास्त अवघड आहे, स्वानुभवाने सांगते.

गेल्या रविवारी आईने फोन बाबांकडे दिला. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, "तू... बरी?"

सवयीने ‘मस्त’ तोंडावर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "नाही बाबा. दोन ठिकाणचे पैसे अडकलेत. भाडं द्यायचंय."

पुन्हा शांतता. मग अगदी स्पष्ट, न अडखळता, मिलमधल्या त्या जुन्या आवाजात बाबांनी विचारलं, "किती?"