शेताचा नकाशा आपल्याच कपाटात हवा



आज करप्याचा किंवा खताचा मेसेज नाही. विषय नकाशाचा आहे, जरा लांब आहे, पण वाचा. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत यावर ठराव येतोय.

तुमच्या शेताच्या हद्दी आपण बांधावरून चालत फोनवर घेतल्या. कोणत्या गटात इंद्रायणी, कुठं गुलाबाचं पॉलिहाऊस, मळणीयंत्र कोणत्या वाटेनं जाईल, हे त्यावरून ठरतं. तो नकाशा सध्या भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. दरवर्षी पैसे भरायचे, नाही भरले की खातं बंद. माझं मत स्पष्ट आहे : यंदा नूतनीकरण नको, क्यूजीआयएसवर जाऊ.

क्यूजीआयएस ओपन सोर्स आहे. त्याचा कोड सगळ्यांना खुला, जगभरातले लोक मिळून सुधारतात, परवान्याचे पैसे नाहीत. २००२ पासून काम चालू आहे, पोराटोरांचा खेळ नाही. आपल्याच राज्यात नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी, म्हणजे पोकरासाठी, आयआयटी मुंबईनं पाण्याचा ताळेबंद काढायचं साधन याच क्यूजीआयएसवर बसवलं. पाऊस किती पडला, किती मुरला, किती वाहून गेला, याचा हिशोब मराठवाडा-विदर्भातल्या गावांसाठी त्यावर निघाला. आपलं काम त्यापेक्षा सोपं आहे.

पण फुकट ते पौष्टिक म्हणून मी हे सांगत नाही. एक्स्प्रेसवे, लोणावळा, पवना धरणाचा काठ... आपल्याकडे जमिनीचा भाव भातावर ठरत नाही. कोणता गट कोण कसतं, फोन नंबर काय, रस्ता कुठून, विहीर कुठं, ही यादी एजंटाच्या हाती पडली तर काय होईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. सातबारा ऑनलाइन कोणीही बघतो, खरंय. पण त्यावर फोन नंबर नसतो, आणि यंदा कोणाचं भात बसलं, कोण अडचणीत आहे, हेही नसतं. आपल्या नोंदींत ते आहे. आज ती माहिती दुसऱ्याच्या सर्व्हरवर पडून आहे.

उद्या ती आपल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आली की सांभाळायची जबाबदारीही आपलीच. म्हणून माझी एक अट आहे. नकाशात फक्त सभासद क्रमांक ठेवायचा. नावं आणि फोन नंबर वेगळ्या फाइलमध्ये, आणि ती फाइल दोघांच्याच ताब्यात.

काही जण म्हणाले, मग उपग्रहाचा हिरवा-लाल नकाशा जाणार. काका, युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं मुळातच सगळ्यांना फुकट आहेत, क्यूजीआयएसमध्येही उघडतात. त्यातला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे साधारण एक गुंठा. नाणे मावळातल्या उताराच्या खाचरात असे ठिपके बसणार किती? शिवाय करप्याची भीती भर पावसात, तेव्हा वर ढग, आणि या उपग्रहाला ढगाखालचं दिसत नाही. पॉलिहाऊसच्या कागदाखालचा गुलाब तर बारा महिने दिसत नाही. रब्बीतल्या हरभऱ्याला, मसुराला उपयोग होतो, तेवढाच. भातासाठी बांधावर जाऊनच बघावं लागतं.

अडचणी आहेतच. हेल्पलाइनवर फोन करून भांडायची सोय नाही. शिकायला वेळ लागेल, आणि ऑफिसातल्या दोघांना तरी शिकवायला हवं. एकालाच आलं आणि तो नोकरी सोडून गेला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. परवान्याचे वाचलेले पैसे आधी या प्रशिक्षणावर घालावेत असं मला वाटतं. फोनसाठी क्यूफील्ड नावाचं ॲप आहे, रेंज नसतानाही हद्द नोंदवतं. आंदर मावळातल्या मंडळींना याचं महत्त्व सांगायला नको.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच. फोनचा जीपीएस काही मीटर इकडंतिकडं होतो, त्यामुळे हा नकाशा म्हणजे मोजणी नाही. बांधाच्या भांडणात तो काढू नका, त्याला भूमी अभिलेखची मोजणीच लागते.

ठराव काहीही होवो, जुनं खातं बंद व्हायच्या आत सगळ्या हद्दी बाहेर काढून घ्यायला हव्यात. ते काम मी सुरू केलंय. तुमच्या गटाची प्रिंट ऑफिसात ठेवतो, येता-जाता बघून जा. हद्द चुकलेली असेल तर गट नंबरसह याच नंबरवर मेसेज टाका.

– तुमचा कृषी सल्लागार